सर्वांचा मिळून एक रकाना

पिनॉक सरांना माझ्याबद्दल चार बरे शब्द लिहून काय मिळणार होते, ते मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्यावर रागवायचे की त्यांची कीव करायची, हे तुमचे तुम्हाला ठरवता येईल. पहिली गोष्ट, प्रांताच्या सल्लागार समितीत एक खुर्ची. दुसरी, त्या लिखाणाच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत नाव: युस्टेस पिनॉक, निवृत्त गणित शिक्षक. तिसरी गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही. पण मी तीन आठवडे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होतो, मला ती कळलीच. चौतीस वर्षे शाळेत त्यांच्या पाठीमागे एक वाक्य बोलले जाई: 'पिनॉक हिशेबाला पक्का, पण कातडीच्या रंगाचा विषय निघाला की एकांगी होतो.' सर मूळचे जमैकाचे, सात वर्षांचे असताना बोटीतून इंग्लंडात आलेले. आयुष्यात एकदा तरी कोणीतरी छापील कागदावर आपल्याला 'निःपक्षपाती' म्हणावे, एवढीच त्यांची हौस उरली होती.

मित्रांनो, ज्याच्याबद्दल ते लिहिणार होते तो मी. मी एक जुना सरकारी अहवाल आहे. इंग्लंडात वर्ण आणि वंश यांवरून माणसामाणसांत किती अंतर उरले आहे, ते मोजण्यासाठी माझा जन्म झाला. पाने दोनशे अठ्ठावन्न, वजन एका चांगल्या पावाइतके. माझ्या मुखपृष्ठावर निरनिराळ्या रंगांची सहा मुले गळ्यात गळे घालून हसताना दिसतात. ती मुले एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. सहा वेगळ्या छायाचित्रांतून कापून त्यांना शेजारी बसवले आहे. माझ्या आतही एके ठिकाणी असेच केलेले आहे, पण ते पुढे येईल.

माझा जन्म कसा झाला ते ऐका. एका उन्हाळ्यात देशभर माणसे रस्त्यांवर उतरली. काळी, सावळी, गोरी, काठी टेकणारी, शाळेचे दप्तर पाठीला असलेली. रंग पाहून माणसाचे नशीब ठरते का, असा त्यांचा सवाल होता. सरकारला लगेच उत्तर द्यायचे नव्हते आणि देणार नाही असेही म्हणवत नव्हते. अशा वेळी सरकार आयोग नेमते. आयोग म्हणजे प्रश्न नासू नये आणि शिजूही नये म्हणून ठेवायची शीतपेटी. दहा सभासद दीड वर्ष बसले, शेकडो लोकांचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले. ते सगळे म्हणणे माझ्यात काही मावले नाही, पण म्हणणाऱ्यांची नावे मात्र आभारांच्या यादीत एकूण एक मावली.

छापखान्यातून बाहेर आलो तेव्हा अंगाला ओल्या शाईचा वास होता आणि मनात, खोटे कशाला बोलू, गर्व होता. माझ्या सहाव्या पानावर लिहिले होते: 'देशाने मोठा पल्ला गाठला आहे. बहुतेक बाबतींत वर्णांमधली दरी आता नगण्य असून, उरलेल्या फरकाची कारणे वर्णाबाहेर शोधावीत.' साडेदहाला मी प्रसिद्ध झालो. बाराच्या आत एका वर्तमानपत्राने मला 'धाडसी' म्हटले आणि दुसऱ्याने 'चुना फासलेली भिंत'. दीड तासात दोनशे अठ्ठावन्न पाने वाचणारी माणसे या देशात इतकी असतील, असे मला वाटले नव्हते. आठवडाभर माझ्यावरून भांडणे झाली. माझी बाजू घेणाऱ्यांनी सहावे पान वाचले होते, मला झोडपणाऱ्यांनीही तेच. उरलेली पाने एकमेकांना चिकटलेली राहिली.

अशात माझी एक प्रत हार्कबरी गावच्या आरोग्य मंडळाकडे आली. ती प्रत म्हणजेच मी. हे मध्य इंग्लंडातले, एकेकाळी मोज्यांच्या कारखान्यांवर जगलेले गाव. तिथे सहा वर्षांपासून 'मंगळवारच्या फेऱ्या' चालत. दोन सुईणी दर मंगळवारी गरोदर कृष्णवर्णीय बायकांच्या घरी जात, रक्तदाब मोजत, पायांवरची सूज पाहत आणि मुख्य म्हणजे बसून ऐकत. बाळंतपणात या बायका इतरांपेक्षा जास्त दगावत, म्हणून ती योजना निघाली होती. आता मी म्हणत होतो की दरी नगण्य आहे. मग फेऱ्या कशाला? मंडळाने ठरवले की या अहवालावर विसंबावे की नाही, ते गावातल्याच कोणा जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे.

मंडळाच्या अध्यक्षा हिलरी थ्वेट मला काखेत मारून आणि हातात लिंबाचा केक घेऊन पिनॉक सरांच्या दारात उभ्या राहिल्या. बाई आता पन्नाशीच्या, पण तेराव्या वर्षी सरांच्या वर्गात अपूर्णांकांवरून रडलेल्या.

“केक कशाला आणलास, हिलरी?”

“तुमच्याकडे रिकाम्या हातानं यायची हिंमत होती का कधी? गृहपाठ नसला की मी सफरचंद आणायचे.”

“आणि मी सफरचंद खाऊन शून्यच द्यायचो.”

“म्हणून तर तुमच्याकडे आले, सर. तुम्ही कोणाची भीड ठेवत नाही, हे गावाला ठाऊक आहे.” बाईंनी मला टेबलावर ठेवले. “वाचा आणि मंडळाला सांगा, भरवसा ठेवावा का याच्यावर. हो, आणि प्रांताच्या समितीत एक जागा रिकामी होतेय. मी तुमचं नाव सुचवलंय. त्याचा याच्याशी काही संबंध नाही हं.”

“नाही ना? मग आत्ताच का सांगितलंस?”

“नंतर विसरेन म्हणून.”

सर हसले. केक मात्र त्यांनी ठेवून घेतला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस ते. सरांनी मला पहिल्या पानापासून वाचायला घेतले. रोज नाश्त्यानंतर तांबडी पेन्सिल, मोजपट्टी आणि मी. त्यांनी माझे स्वल्पविराम सुधारले, एका बेरजेत तीनची चूक काढली आणि समासात 'पुन्हा करून पाहा' असे लिहिले, जणू मी सातवीतला पोरगा. मला राग आला नाही. ज्याला खरोखर वाचतात त्याला चुका काढल्याचे दुःख होत नाही.

शनिवारी मात्र मला बाजूला सरकवले जाई, कारण त्या सकाळी एफुआ येई. एफुआ घानाची, गावातल्या वृद्धाश्रमात काम करणारी, सरांच्याच चर्चमधली. तिला परिचारिका व्हायचे होते आणि प्रवेशपरीक्षेत गणित आडवे येत होते. सर तिला फुकट शिकवत. अपूर्णांक तिने महिन्यात सर केले, टक्केवारी तिला छळत असे.

“सर, शंभरातले किती ते विचारतात, पण शंभर कुठून आणू? आमच्या आश्रमात म्हातारे बेचाळीसच आहेत.”

“बेचाळीस असले तरी शंभर आहेत असं समजायचं.”

“मग जेवण कमी पडेल की.”

त्या वसंतात तिला तिसरा महिना लागला होता. पहिलटकरीण. मे महिन्यापासून तिचेही नाव मंगळवारच्या यादीत आले.

तिसऱ्या आठवड्यात, एप्रिलच्या अखेरीला, सर माझ्या एकशे त्रेचाळिसाव्या पानावर पोहोचले. तिथे बाळंतपणात दगावणाऱ्या आयांची गोष्ट होती. दोनच रकाने: 'गोऱ्या माता' आणि 'अन्य माता'. खाली वाक्य: 'फरक किरकोळ.' शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत, 'परिशिष्ट, तक्ता नऊ पाहा.' तो तक्ता तोवर कोणी पाहिला नव्हता. सरांनी पाहिला. तिथे तेच आकडे समाजासमाजाचे वेगळे करून लिहिले होते. काही समाजांच्या बायका गोऱ्यांपेक्षाही सुखरूप बाळंत होत होत्या. कृष्णवर्णीय बायका तिपटीहून जास्त दगावत होत्या. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर मात्र या सगळ्यांना 'अन्य'च्या एका रकान्यात कोंबले होते, आणि एकीचे सुख दुसरीच्या मरणावर पांघरूण घालून मोकळे झाले होते.

मी खोटा नव्हतो, मित्रांनो. माझा एकेक आकडा खरा होता. पण माझ्या पोटात एक होते आणि तोंडात दुसरे. सरांनी तक्ता नऊमधल्या त्या ओळीभोवती तांबडी चौकट काढली आणि पेन्सिल खाली ठेवली.

रविवारी चर्चनंतर व्हेरोना आली. व्हेरोना ब्लॅकस्टॉक ही सरांची मेव्हणी, त्यांच्या दिवंगत पत्नीची, मर्लची, धाकटी बहीण. मंगळवारच्या दोन सुईणींमधली थोरली तीच. दर रविवारी ती नारळाच्या दुधातल्या राजमा-भाताचे भांडे घेऊन येई आणि भांडे रिकामे होईपर्यंत भावोजींना टोमणे मारी.

“हा आला होय तो?” माझ्याकडे पाहत ती म्हणाली. “याच्यात माझं नाव आहे, माहितीय? पान दोनशे एक्कावन्न. चाळीस मिनिटं बोलले मी त्या आयोगापुढं. कुठल्या घरात काय पाहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, मान डोलावली. आणि छापलं काय, तर 'आभार: व्हेरोना ब्लॅकस्टॉक'. वर एक विद्यापीठ, खाली मासेवाल्यांची संघटना. आता चर्चमधल्या बायका विचारतात, तूच सही केलीस ना त्याच्यावर?”

“इकडे ये. हे बघ,” सर म्हणाले आणि त्यांनी तक्ता नऊ उघडला.

“मला आकडे नका दाखवू, भावोजी. मी माणसं बघते.”

“तीच आहेत यात. वर्गात चार मुलं आहेत समज. तिघांना ऐंशी-ऐंशी गुण, चौथ्याला वीस. सरासरी किती?”

“तुम्हीच सांगा, पगार तुम्ही घेतलाय त्याचा.”

“पासष्ट. मुख्याध्यापक म्हणतो, वर्ग छान चाललाय.”

“आणि चौथा?”

“चौथा पासष्टांच्या मागे जाऊन बसतो. दिसतच नाही.”

व्हेरोनाने वाढलेली थाळी टेबलावर ठेवली आणि माझ्यावर वाकली. तांबड्या चौकटीवर तिने बोट ठेवले. “म्हणजे चौथा म्हणजे माझ्या बायका.”

“हो.”

“मग हे पहिल्या पानावर लिहा. पहिल्या ओळीत.”

“लिहितो.”

“शपथ घ्या.”

“गणितात शपथ लागत नाही, व्हेरोना.”

“गणितात नसेल. तुम्हाला लागते.”

सरांनी लिहिले, हे मी साक्षीला सांगतो. पहिला मसुदा तसाच होता, पहिली ओळ सरळ आणि टोचणारी: 'हा अहवाल जी दरी नगण्य म्हणतो, ती त्याच्याच तक्ता नऊमध्ये तिपटीहून मोठी आहे.' तो मसुदा दाखवायला सरांनी हिलरीबाईंना बोलावले. बाईंनी तो उभ्याउभ्याच वाचला. या खेपेला केक नव्हता.

“बरोबर आहे, सर. शंकाच नाही.”

“मग तोंड असं का?”

“हे पहिल्याच ओळीत आलं ना, तर आमच्यातले दोघेतिघे पुढचं वाचणारच नाहीत. म्हणतील, पिनॉक सरांकडून दुसरं काय येणार होतं?” बाईंनी आवाज खाली आणला. “मी नाही म्हणत हं. ते म्हणतील.”

चौतीस वर्षे पाठीमागे ऐकलेले वाक्य पहिल्यांदाच कोणीतरी तोंडावर, आणि तेही मायेने, सांगत होते.

“तुम्ही पहिलं पान समतोल ठेवा,” बाई म्हणाल्या. “हे सगळं परिशिष्टात घाला, हवं तितकं सविस्तर. तिथं त्याला कोणी हात लावणार नाही.”

“ते मात्र खरं. हातच लावणार नाहीत,” सर म्हणाले, आणि दोघेही हसले. यावरून ध्यानात घ्या, मित्रांनो, की सरांना काही कळत नव्हते असे नाही. मंडळ फक्त पहिले पान वाचते, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होते.

नव्या मसुद्याच्या पहिल्या पानावर आले: 'अहवाल एकंदरीत सर्वंकष, अभ्यासपूर्ण व समतोल आहे. काही तपशिलांसाठी परिशिष्ट क पाहावे.' मी ते वाचले आणि खूश झालो. आज लाज वाटते, पण तेव्हा मी खरोखर खूश झालो. शिव्या आणि आरोळ्यांनंतर कोणीतरी शांतपणे मला अभ्यासपूर्ण म्हणत होते. माझ्या पोटातली ती तांबडी चौकट मी विसरूनच गेलो. खिडकीतून वारा येई तेव्हा माझी पाने आपोआप उलटत. तेव्हा तक्ता नऊवर थांबायला मला कोणी अडवले नव्हते. मी मुखपृष्ठावर थांबत राहिलो.

मंडळाची बैठक मे महिन्यात, दुपारी दोनला, नगरभवनातल्या एका लांबट खोलीत झाली. सभासद अकरा. प्रत्येकापुढे एकेक पान. मी अध्यक्षांपुढे होतो, बिस्किटांच्या बशीखाली. भिंतीकडेला प्रेक्षकांच्या खुर्च्या होत्या. त्यांवर पिनॉक सर त्यांच्या चांगल्या कोटात आणि शेजारी व्हेरोना, कामाच्या गणवेशात.

सातव्या विषयाला माझी पाळी आली. फर्निचरच्या दुकानाचे मालक असलेले एक सभासद म्हणाले, “पिनॉक सरांनीच समतोल म्हटलंय. तेही सरांनी! मग प्रश्न उरला कुठं?”

“परिशिष्टात काही टीप आहे,” हिलरीबाई म्हणाल्या. त्यांनी ते सांगितले, हे त्यांच्या नावावर जमा धरले पाहिजे.

“गंभीर आहे का?”

बाईंनी सरांकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. सरांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, कमरेपर्यंत आला. तेवढ्यात सचिव नियमांची चोपडी न उघडताच म्हणाले, “प्रेक्षकांचे प्रश्न बैठकीच्या दोन दिवस आधी लेखी यावे लागतात. आजच्यासाठी आलेले नाहीत.”

सरांचा हात खाली गेला. उभ्या जन्मात त्यांनी मुलांना हेच शिकवले होते: हात वर करा, नाव घेतल्याशिवाय बोलू नका. नियम मोडून मिळवलेले उत्तर त्यांच्या वर्गात बरोबर असले तरी चूक धरले जाई. या देशाने त्यांना शिकवले आणि त्यांनी या देशाच्या मुलांना शिकवले. त्या दुपारी तो धडा दोन्ही बाजूंनी पाठ होता.

व्हेरोना उठून उभी राहिली. “मी बोलू का?”

“बाई, नियम सगळ्यांना सारखाच.”

“तेच तर दुखणं आहे,” व्हेरोना म्हणाली. पण तोवर आठवा विषय, वाहनतळाचा, सुरू झाला होता. माझ्यावर अकरा मिनिटे खर्च झाली. इतिवृत्तात लिहिले गेले: 'परिशिष्टाची नोंद घेण्यात आली. मंगळवारच्या फेऱ्या जूनअखेर थांबवाव्यात.'

सरांनी मला परत घरी नेले, म्हणून बसथांब्यावरचे बोलणे मी पिशवीतून ऐकले.

“भावोजी, एक विचारू? तुमच्या वर्गात एखादं पोरगं पडलं असतं, डोकं फुटलं असतं, तर हात वर करून थांबला असता तुम्ही?”

“पुढच्या बैठकीला लेखी देतो. वेळेत देतो.”

“पुढची बैठक कधी?”

“ऑक्टोबरात.”

“बरं. बायकांना सांगते, ऑक्टोबरपर्यंत थांबा म्हणून.”

बस आली. ती चढली. सर पुढच्या बसने आले. त्यानंतर रविवारचे भांडे काही आमच्या टेबलावर आले नाही.

जुलैत व्हेरोनाला रुग्णालयाच्या एका विभागात दिवसपाळीवर पाठवले. ऑगस्टात सरांना समितीच्या खुर्चीचे पत्र आले. त्याबरोबर हिलरीबाईंचे आभारपत्रही होते, आणि त्यात, छापील अक्षरांत, तो शब्द होता: 'आपल्या निःपक्षपाती मूल्यमापनाबद्दल.' सरांनी ते दोनदा वाचले. मग चौकटीत बसवण्याऐवजी खणात ठेवले.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी एफुआचे डोके ठणकू लागले. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, बोटांतली अंगठी निघेना. फेऱ्या बंद झाल्यावर बायकांना जो क्रमांक दिला होता, त्यावर तिने फोन केला. पलीकडून सांगितले गेले की या दिवसांत डोके दुखतेच, गोळी घ्या, पडून राहा, उद्या बरे वाटले नाही तर पुन्हा फोन करा. दुसऱ्या दिवशी शेजारणीने तिला उचलून रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी शर्थ केली. एफुआ वाचली. मुलगी वाचली नाही.

त्या मंगळवारी फेरी असती, दंडाला पट्टा बांधून कोणी रक्तदाब मोजला असता, तर? सर गणिताचे माणूस. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार. ते स्वतःला तसे समजावत असत. फक्त रोज समजवावे लागे.

ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी एफुआ आली. ती बारीक झाली होती आणि कोट अंगाला मोठा झाला होता. तिने कापडात गुंडाळलेले गणिताचे पुस्तक पुढे केले.

“आता यायची नाही, सर. पुस्तक द्यायला आले.”

“परीक्षा जानेवारीत आहे, एफुआ. वेळ आहे अजून.”

“आहे.”

सर चहा ठेवायला वळले. मी टेबलावर उघडाच होतो, तक्ता नऊवर. मंडळाला द्यायचा लेखी प्रश्न ते तयार करत होते. तक्ते वाचायला तिला त्यांनीच शिकवले होते. तिने बोट आडव्या ओळीवरून सरकवत नेले, जसे शिकवले होते तसेच, आणि चौकटीपाशी थांबवले.

“ही ओळ आमची?”

“हो.”

“आणि तुमच्या या प्रश्नात 'अन्य माता' लिहिलंय, त्यात पण आम्हीच?”

“त्यात सगळे मिळून.”

“हे तांबडं तुम्ही केलंत?”

सर पातेल्याकडे पाहत राहिले. “हो.”

“कधी?”

“एप्रिलमध्ये.”

एफुआने डावा हात वर धरला आणि उजव्या हाताने एकेक बोट मिटत गेली. मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. मूठ मिटली.

“पाच,” ती म्हणाली.

सवयीने सरांचे ओठ 'बरोबर' म्हणायला हलले.

“तिचं नाव एकुआ ठेवलं,” कोटाची बटणे लावत एफुआ म्हणाली. “बुधवारी झाली म्हणून. आमच्यात वारावरूनच ठेवतात.” मग तिने पातेल्याखालचा गॅस स्वतःच बंद केला, कारण पाणी उतू जात होते, आणि ती गेली.

महिनाअखेरच्या बैठकीत सरांनी प्रश्न वेळेत, लेखी दिला होता. त्यांना तीन मिनिटे मिळाली. त्यांनी जुन्या मसुद्याची पहिली ओळ वाचली, आणि मग एक ओळ स्वतःबद्दल वाचली: 'हे मला एप्रिलमध्ये माहीत होते आणि मी ते शेवटच्या पानावर लिहिले.' हिलरीबाई टेबलाकडे पाहत होत्या. फर्निचरवाल्यांनी विचारले, आता काय करता येईल? सचिवांनी सांगितले की योजनांचा फेरविचार दर दोन वर्षांनी होतो. इतिवृत्तात नोंद घेण्यात आली. प्रांताच्या समितीत सर दोनदा बसले. तिथेही पहिलेच पान वाचतात असे पाहून तिसऱ्या वेळी त्यांनी राजीनामा पाठवला.

आता मी फळीवर आहे, एका जुन्या लोगॅरिदमच्या पुस्तकाला टेकून. माझ्या मुखपृष्ठावरची सहा मुले उन्हाने फिकी पडली आहेत. सगळ्यांचा रंग आता जवळजवळ एकच झाला आहे. मला कोणी शिव्या देत नाही, कोणी धाडसीही म्हणत नाही. सरकार नवा आयोग नेमणार आहे म्हणतात. धाकटे भावंड येईल, जाड असेल.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा माझ्यासारखे अहवाल तुमच्या हाती पडतील. त्यांना फाडू नका, आणि पुजूही नका. मागून उघडा. बारीक अक्षरे वाचा. कोणी 'सगळ्यांचे मिळून' असे म्हणाले की 'सगळे म्हणजे कोण कोण?' असे विचारा, आणि नावे एकेक करून घ्या. आणि जर तुम्हाला माझ्या पोटातले खरे सापडले, तर ते माझ्या पोटात परत ठेवू नका. मी ते सांभाळून ठेवले होते. सांभाळून ठेवणे म्हणजे काळजी घेणे नव्हे, हे मला फार उशिरा कळले.

राहिला हिशेब. आयोगाच्या दहा जणांना मान मिळाला. हिलरीबाईंना एक अवघड विषय अकरा मिनिटांत मिटवता आला. मला एक गोड वाक्य मिळाले. सरांना खुर्ची मिळाली, नाव मिळाले आणि तो शब्दही मिळाला. त्याची किंमत म्हणून त्यांनी मेव्हणी भरली आणि झोप भरली, पण ते हप्ते अजून चालू आहेत, म्हणून ते खाते मी मिटलेले धरत नाही. व्हेरोनाने तिचे मंगळवार भरले. एफुआने परीक्षा भरली आणि लेक भरली. आणि माझ्या तक्ता नऊमध्ये फक्त दगावलेल्या आया मोजतात. एफुआ जगली, म्हणून पुढच्या अहवालात या सगळ्याचा एक आकडाही वाढणार नाही. उरलेले सारे एकुआने भरले, एका बुधवारी, आणि त्याची पोच कुठल्याच पानावर नाही.